इशारा टपरीवरच राहतो

युरोपात विष विकायचं असलं तर सहा महिने आधी अर्ज द्यावा लागतो. अर्जासोबत घटकांची यादी. ते घटक तापले की त्यातून काय काय निघतं, त्याचा तपशील. निकोटिन किती, माल बनतो कसा, आणि सर्वांत शेवटी लेखी हमी, की या मालाच्या दर्जाची आणि सुरक्षिततेची पूर्ण जबाबदारी आमची. एवढ्या कागदांत आमच्या उज्जैनला तीन मजली लॉजची परवानगी निघते आणि चौथा मजला सिंहस्थाच्या आशेवर आपोआप चढतो.

विष म्हणजे व्हेप. ई-सिगारेट. पेनासारखी दिसणारी नळी, आत बॅटरी, आत रस, तोंडातून ढग. युरोपीय संघाने २०१४ साली तंबाखूच्या वस्तूंसाठी एक निर्देश काढला, क्रमांक २०१४/४०, आणि २० मे २०१६ पासून तो लागू केला. त्यातलं विसावं कलम या नळीचं आहे. वाचताना मन भरून येतं. टाकीत रस दोन मिलिलिटरच मावला पाहिजे. सुटी बाटली घेतली तर दहा मिलिलिटर, थेंबभर जास्त नाही. निकोटिन एका मिलिलिटरमागे वीस मिलिग्रॅमपर्यंत. रसात कॅफीन नको, टॉरिन नको, जीवनसत्त्वं नकोत, म्हणजे ओढणाऱ्याचा हे टॉनिक आहे असा समज व्हायला नको. ढगाला रंग आणणारं काही नको. झाकण पोराला उघडता येऊ नये. बाटली फुटू नये, गळू नये. पाकिटात पत्रक हवं. आणि पाकिटाच्या दोन्ही मोठ्या बाजूंवर तीस टक्के जागेत इशारा हवा, की यात निकोटिन आहे आणि ते जबर व्यसन लावतं. तो इशारा पांढऱ्यावर काळा, आणि कोणत्या टंकात छापायचा तेही कायद्यातच लिहिलंय. हेल्व्हेटिका, ठळक. माणूस व्यसनी झाला तरी चालेल, पण अक्षर सुवाच्य पाहिजे.

भाषेचाही हिशेब आहे. ज्या देशात दोन राजभाषा तिथे इशाऱ्याला बत्तीस टक्के जागा, दोनांहून जास्त असतील तर पस्तीस. बेल्जियमला तीन भाषा, म्हणून पस्तीस. हे कोष्टक आपण संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांना लावलं तर कंपनीला आपलं नाव छापायला शेजारच्या पाकिटाची भिंत भाड्याने घ्यावी लागेल.

आता इतका काटेकोर कायदा म्हटल्यावर त्याला तितकीच काटेकोर बगल. दोन मिलिलिटरची टाकी म्हणता? ठीक. मग एकाच यंत्रात दोन-दोनच्या चार टाक्या. किंवा टाकी दोनचीच, पण तिला वरून जोडलेली दहाची बाटली, कारण बाटलीला दहाची परवानगी आहेच. टाकी आपली कायद्यात बसते, बाटली आपली कायद्यात बसते, ओढणाऱ्याच्या छातीत दोन्ही एकत्र बसतात. आपल्याकडचा एखादा सनदी लेखापाल हे पाहून गहिवरेल.

आणि इतकं सगळं करून युरोपला खरी जाग आली ती कचऱ्याने. एकदा ओढून फेकायच्या व्हेपवर बेल्जियमने १ जानेवारी २०२५ पासून बंदी घातली, फ्रान्सने त्याच वर्षी फेब्रुवारीत. संघातून बाहेर पडलेल्या ब्रिटननेही १ जून २०२५ ला तेच केलं. तिथे आठवड्याला पन्नास लाखांच्या आसपास नळ्या कचऱ्यात जात होत्या, प्रत्येकीत लिथियमची एक बॅटरी. शाळकरी पोरांचा मुद्दा होताच, पण तो बरीच वर्षं होता. कचऱ्याच्या गाड्या पेटू लागल्यावर त्याला वजन आलं. फुप्फुसाने तक्रार केली की समिती बसते. कचराकुंडीने केली की कायदा होतो.

हसून झालं असेल तर आता आपल्याकडे वळू.

१८ सप्टेंबर २०१९. केंद्रीय मंत्रिमंडळाने अध्यादेश मंजूर केला आणि ई-सिगारेटवर बंदी जाहीर केली. विषय आरोग्याचा, जाहीर करायला अर्थमंत्री. डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठा, जाहिरात, सगळं बंद. साठा सोडून बाकी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षं आणि पाच लाख. या सगळ्या यादीत एक काम तेवढं राहून गेलं. ओढणं. म्हणजे ही वस्तू बनवता येत नाही, आणता येत नाही, नेता येत नाही, विकता येत नाही, ठेवता येत नाही, पण ती कुठूनतरी आपोआप तुमच्या ओठांत उगवली तर हरकत नाही. चमत्कारावर बंदी घालणं आपल्या संस्कृतीत बसत नाही.

बंदी जाहीर झाली त्या दिवशी शेअर बाजारात साध्या सिगारेटच्या कंपन्यांचे भाव वधारले. त्यांतल्या सगळ्यात मोठ्या कंपनीत एलआयसीचा आणि सरकारी उपक्रमाचा मोठा हिस्सा आहे, हा केवळ योगायोग, आणि योगायोगावर मी कधी लिहीत नाही.

बंदीच मुळात चूक होती असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेतली एक बडी व्हेप कंपनी तेव्हा भारताच्या दाराशी उभी होती, आणि आंब्याच्या चवीचा धूर दहावीतल्या पोराच्या दप्तरात पोहोचायला आपल्याकडे आठवडाही लागला नसता. माझी तक्रार निराळी आहे. बंदी घातली की सरकारचं लिहिण्याचं काम संपतं. जी वस्तू नाहीच, तिच्यात निकोटिन किती असावं हे कोण लिहिणार? तिचं झाकण कसं असावं, बॅटरी कशी असावी, तिच्या पाकिटावर कुठल्या भाषेत काय छापावं? युरोपातला पोरगा वीस मिलिग्रॅमचा रस ओढतो आणि ते वीस आहेत हे त्याला माहीत असतं. आपला पोरगा किती मिलिग्रॅमचा ओढतो, ते फक्त शेन्झेनमधल्या कारखानदाराला माहीत. आणि त्याचीही खात्री नको धरायला.

कारण माल येतोच. २०२२ च्या सप्टेंबरात महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंद्रा बंदरावर दोन लाखांहून जास्त ई-सिगारेटी पकडल्या, किंमत सुमारे अठ्ठेचाळीस कोटी. पकडलेला माल एवढा, तर न पकडलेला किती, हे त्रैराशिक ज्याने त्याने सोडवावं. छुप्या बाजारातल्या डब्यांवर पाच हजार झुरके, दहा हजार झुरके असे आकडे मिरवतात. युरोपच्या दोन मिलिलिटरात साधारण सहाशे होतात. इशारा असलाच तर तो ज्या देशासाठी डबा बनला त्या देशाच्या भाषेत. म्हणजे भारतीय तरुणाला व्हेपबद्दल जो एकमेव छापील सावधगिरीचा संदेश मिळू शकतो, तो एखाद्या जर्मन खात्याच्या कृपेने.

आणि कायदा केला त्या इमारतीचं काय? २०२५ च्या डिसेंबरात लोकसभेतच भाजपचे अनुराग ठाकूर यांनी उठून आरोप केला, की विरोधी बाकांवरचे एक सन्माननीय सदस्य सभागृहात ई-सिगारेट ओढतात. खरं-खोटं अध्यक्ष पाहून घेतील. माझ्या डोक्यात दुसराच किडा. सभागृहात विक्री होत नाही, आयात होत नाही, साठा होत नाही. कायद्याच्या दृष्टीने सगळं स्वच्छ.

बरं, ज्या वस्तूवर बंदी नाही, तिच्यावर तरी आपण लिहितो ना? लिहितो. भरभरून लिहितो. सिगारेटच्या पाकिटावर आपला इशारा पंच्याऐंशी टक्के जागेत असतो, चित्रासकट. युरोपची सिगारेट पासष्टावर थांबली. इथे आपण युरोपच्या वीस टक्के पुढे आहोत आणि हे वाक्य लिहिताना माझी छाती (जी अजून स्वच्छ आहे) फुगते.

पण ते पंच्याऐंशी टक्के कसे आले, ते जरा आठवा. ते यायचे होते १ एप्रिल २०१५ ला. त्याच वर्षी १६ फेब्रुवारीला महाराष्ट्राचे माजी गृहमंत्री आर. आर. (आबा) पाटील गेले. आबा तंबाखू खायचे हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत होतं आणि तोंडाच्या कर्करोगाने गेले हेही. त्यानंतर दीड महिनाही झाला नव्हता, तेव्हा संसदेच्या एका समितीचे अध्यक्ष, आपलेच, नगरचे खासदार दिलीप गांधी म्हणाले, की तंबाखूने कर्करोग होतो हे सांगणारं सगळं संशोधन परदेशी आहे. भारतीय संशोधन नाही. परळच्या टाटा रुग्णालयात तेव्हा भारतीय संशोधन बाकावर नंबर लावून बसलेलं होतं, हातात केसपेपर घेऊन. त्याला कुणी समितीपुढे बोलावलं नाही. समितीत अलाहाबादचे एक खासदार होते ज्यांचा स्वतःचा विडीचा मोठा धंदा होता, त्यांना मात्र विषयाची सखोल जाण असणार म्हणून ठेवलं होतं. इशारा लांबला. समितीने पुढे पन्नास टक्के पुरेत असं सुचवलं. सरकारने अखेरीस १ एप्रिल २०१६ पासून पंच्याऐंशी लागू केले, हे त्यातल्या त्यात बरं.

पण आता तो इशारा कोण वाचतो ते पाहा. आमच्या उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या कुठल्याही टपरीसमोर पाच मिनिटं उभे राहा. पोरगा येतो. "भिया, एक देना." टपरीवाला पाकीट पुढे धरत नाही, आतून एक काढतो आणि हातावर ठेवतो. दोरीला बांधलेला लायटर, एक गोळी बडीशेपेची, दिवस संपला. पाकीट परत फळीवर. म्हणजे सडलेल्या तोंडाचं ते चित्र, तो पंच्याऐंशी टक्क्यांचा सगळा संसदीय संघर्ष, तो न्यायालयातला झगडा, २०१८ पासून छापलेला व्यसनमुक्तीचा फुकट फोन नंबर, हे सगळं दिवसभर एकटा टपरीवाला पाहत बसतो. तो बिचारा सिगारेट ओढत नाही. पाहून पाहून सोडली असेल.

सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्राने २०२० च्या सप्टेंबरात बंदी केली. महाराष्ट्रातल्या वाचकांनी आपल्या कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन अंमलबजावणी तपासावी. सुटे पैसे घेऊन जावेत.

गुटख्याचंही असंच. हा मान आमच्या मध्य प्रदेशाचा. १ एप्रिल २०१२ ला अन्नसुरक्षेच्या नियमाखाली गुटखा बंद करणारं हे देशातलं पहिलं राज्य. महाराष्ट्र त्याच वर्षी मागोमाग आला. त्या नियमात होतं की खाद्यपदार्थात तंबाखू नको. धंदेवाल्यांनी नियम नीट वाचला. (नियम नीट वाचणारे या देशात फक्त तेच.) पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत. दोन्ही पुड्या शेजारी शेजारी टांगलेल्या. गिऱ्हाइकाने दात लावून दोन्ही फाडायच्या आणि तळहातावर गुटखा बनवायचा. उत्पादन तळहातावर. कारखान्याचा परवाना देवाने जन्मतःच दिलेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली या जोडपुड्याही बंदीत येतात असं बजावलं. पुड्यांनी ते वाचलं नसावं. युरोपातली ती दोनची टाकी आणि दहाची बाटली आठवली का? ती युक्ती युरोपची नव्हे. तिचं पेटंट आमच्या पानठेल्यावर चार वर्षं आधीच घेतलेलं होतं.

चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आलं असेल की आपल्या आरोग्याचे बरेचसे मोठे निर्णय १ एप्रिललाच लागू होतात. आर्थिक वर्ष तेव्हा सुरू होतं, दुसरं काही नाही. उज्जैनच्या हद्दीतली दारूची दुकानं बंद झाली तीही १ एप्रिललाच, २०२५ साली. मुख्यमंत्री मोहन यादव इथलेच, उज्जैन दक्षिणचे आमदार. राज्यातल्या सगळ्या मोठ्या तीर्थांच्या जागी त्यांनी दुकानांना कुलूप लावलं. चांगलं केलं. फक्त याच गावात कालभैरव आहे आणि त्याचा नैवेद्य दारूचा आहे. पुजारी बशी देवाच्या ओठाला लावतो आणि बशी रिकामी होते, अशी शतकांची ख्याती. दुकान बंद झालं, प्रथा बंद झाली नाही, तहान तर नाहीच. तेव्हा बाटली आता हद्दीबाहेरून येते. महापालिकेच्या सीमेची सर्वांत बिनचूक माहिती आज नगररचना खात्याला नाही, भाविकांना आहे.

आणि भांग. नळीतल्या वीस मिलिग्रॅमवर बोलणाऱ्या माणसाने एकदा उज्जैनच्या भांगेच्या दुकानासमोर उभं राहावं. परवाना सरकारचा, अबकारी खात्याचा. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा आणि चरस पकडले आणि पान आणि बी सोडून दिलं. एकाच झाडाचं फूल आरोपी आणि पान प्रसाद. पेला पुढे येतो. किती मिलिग्रॅम? किती टक्के? कधी चढेल, कधी उतरेल, गाडी चालवणाऱ्याने काय करावं? पत्रक कुठाय? विचारून पाहा. "कितनी चढ़ेगी?" "जितनी बाबा की मर्जी." एवढ्या चार शब्दांत युरोपचं आख्खं विसावं कलम आटोपलं.

पण उज्जैनला मोजायचं वावडं आहे, असं कुणी म्हणू नये. महाकालाची पिंड झिजतेय म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पुरातत्त्व खात्याचे आणि भूशास्त्राचे तज्ज्ञ आले, त्यांनी पिंडीची तपासणी केली. २०१७ च्या ऑक्टोबरात न्यायालयाने मंदिर समितीच्या उपायांवर शिक्कामोर्तब केलं. अभिषेकाला आरओचं पाणी, एका भक्तामागे अर्धा लिटर. दूध किंवा पंचामृत सव्वा लिटर, त्याहून जास्त नाही. साखरेची भुकटी चोळायची नाही, खांडसारी वापरा. भस्मारतीच्या वेळी पिंडीवर कोरडं सुती कापड. काय लावायचं, किती लावायचं, कशाने झीज होते, कुणी पाहायचं, सगळं लिहून. ब्रसेल्सच्या अधिकाऱ्याने हा आदेश वाचला तर इथे बदली मागून घेईल. दगडाच्या आयुष्याची इतकी काळजी घेता येते, हे आपण सिद्ध केलंय. तीच बुद्धी देवळाबाहेर पन्नास पावलांवर उभ्या असलेल्या माणसाच्या फुप्फुसाला लावायची, तर अडतं कुठे? अडतं इथे, की पिंडीची झीज दिसते आणि तिच्यावर महसूल नाही.

या शहराचा महाराष्ट्राशी संबंध विसरलेल्यांना सांगतो. महाकालाचं आजचं देऊळ अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभं केलं. गोपाळमंदिर बायजाबाई शिंद्यांचं. बायजाबाई नुसती देवळं बांधणारी बाई नव्हती, तिची या गावात सावकारी पेढी होती. आणि त्या काळात उज्जैनचा सावकार पैसा लावायचा कशात? अफूत.

आज युरोप आपल्याला धूर कसा विकावा ते शिकवतो. दोनशे वर्षांपूर्वी युरोपच्या धुराच्या धंद्याची घाऊक पेठ होती हे उज्जैन. माळव्याची अफू इथे तोलली जायची, बांधली जायची आणि चीनच्या नळ्यांत जाऊन जळायची. ईस्ट इंडिया कंपनीला ते खुपत होतं. चिनी माणसाच्या आरोग्यासाठी नव्हे. कंपनीची स्वतःची अफू बंगाल-बिहारात पिकायची, कलकत्त्यात लिलावाने विकली जायची, आणि माळव्याचा स्वस्त माल तिचा भाव पाडायचा. म्हणून १८०३ पासून मुंबईतून माळव्याची अफू नेण्याला बंदी. झालं काय? अफूने रस्ता बदलला. गुजरातेतून, राजस्थानातून, कराचीमार्गे फिरून, ती पोर्तुगीजांच्या दमणला पोहोचली आणि तिथून जहाजात चढली. १८१८ नंतर माळवा इंग्रजांच्या टाचेखाली आला, तेव्हा कंपनीने एकेका संस्थानिकाकडून अफूचे करार करून घेतले. होळकरांनी सही केली. उज्जैन ज्यांचं, त्या दौलतराव शिंद्यांनी केली नाही. देशाभिमान म्हणून की पेढ्यांचा आकडा पाहून, ते ज्याने त्याने आपल्या जातीच्या इतिहासमंडळानुसार ठरवावं. पण उज्जैन उघडं राहिलं आणि आसपासचे सगळे करार चाळणीतल्या पाण्यासारखे गळून गेले.

शेवटी कंपनी दमली आणि तिने जगातला सगळ्यात जुना शहाणपणा केला. १८३० साली बंदी उठवून पास काढला. पेटीमागे एकशे पंचाहत्तर रुपये भरा आणि मुंबईतून खुशाल न्या. दमणचा रस्ता तरीही स्वस्त पडतोय असं दिसल्यावर १८३५ ला दर एकशे पंचवीस. मग १८४३ ला सिंध गिळला, कराची हातात आली, पळवाट बुजली, आणि दर लागलाच चढायला. आधी दोनशे, मग तीनशे, १८४७ ला चारशे. जिथे पळवाट आहे तिथे कर नम्र असतो.

हा झाला युरोपीय नियम पाळण्यातला उज्जैनचा पूर्वानुभव. वजन बरोबर, बांधणी बरोबर, पास बरोबर. तिकडे चीनच्या बादशहाची पूर्ण बंदी होती, अगदी आपल्या २०१९ सारखी: आणू नका, विकू नका. बादशहाचा अधिकारी लिन झेशू याने १८३९ साली वीस हजारांहून जास्त पेट्या खड्ड्यांत कालवून समुद्रात सोडल्या. त्यावर इंग्रजांनी युद्ध केलं आणि १८४२ ला हाँगकाँग घेतलं. त्या पेट्यांवर इशारा नव्हता, हेल्व्हेटिका नव्हता, पोराला उघडणार नाही असं झाकण नव्हतं. पावती तेवढी होती. पुढे लंडनमध्ये ओरड झाली तेव्हा अफूवर रॉयल कमिशन नेमलं, आणि त्याने १८९५ साली निष्कर्ष काढला की हिंदुस्थानात अफूने फारसं काही बिघडलेलं दिसत नाही. म्हणजे नगरच्या खासदारांना उगाच बोल लावला. त्यांनी एकशे वीस वर्षांची थोर परंपरा चालवली होती, एवढंच.

विडीकडे तर अजून कुणी वळलंच नाही. तेंदूपत्त्यात मध्य प्रदेश देशात पहिला. विडीच्या बंडलाला तो शंकूचा आकार. त्यावर पंच्याऐंशी टक्के इशारा मोजायचा म्हटलं तर भूमितीचा मास्तर लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने साध्या सिगारेटला चाळीस टक्क्यांच्या पंक्तीत बसवायचं ठरवलं आणि विडीला अठ्ठावीसवरून अठरावर आणायचं. विडी गरिबाची आहे. गरिबाच्या फुप्फुसाला सूट दिली, त्याने उरलेल्या पैशांत औषध घ्यावं.

पुन्हा त्या नळीकडे येतो, कारण एक प्रश्न अजून बाकी आहे आणि तो उज्जैनचा आहे. युरोपीय संघाचा २०२३ चा बॅटरी नियम सांगतो की १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा यंत्रातली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. आपल्याकडेही २०२२ चे बॅटरी कचऱ्याचे नियम आहेत आणि ते चांगले आहेत: जो बॅटरी बाजारात आणेल त्यानेच ती परत गोळा करायची. आता व्हेपची बॅटरी बाजारात कुणी आणली? कुणीच नाही. कायद्याने तशी वस्तूच नाही. उत्पादक नाही, आयातदार नाही, म्हणून परत घेणारा नाही. पण नळी संपते. ती पोराच्या खिशातून कुठेतरी जाते. २०२८ च्या सिंहस्थाला कोट्यवधी माणसं येतील, त्यांतली सगळीच काही चिलमीची नसतील.

आणि उज्जैन हे स्वच्छतेच्या बाबतीत ऐऱ्यागैऱ्यांतलं शहर नाही. २०२५ साली जाहीर झालेल्या स्वच्छ सर्वेक्षणात तीन ते दहा लाख वस्तीच्या गटात ते सुपर स्वच्छ लीगमध्ये बसलं. कचऱ्याची गाडी रोज सकाळी गाणं वाजवत दारात येते. ओल्याला एक कप्पा, सुक्याला एक, डायपर-पॅडला एक, घरगुती घातक कचऱ्याला एक. गाडीवरची बाई शिकलेली आहे, हातमोजे घालते, चुकीचा डबा पुढे केला तर परत पाठवते. तिच्या हातात उद्या ती आंब्याच्या वासाची, अर्धी बॅटरी शिल्लक असलेली, दिल्लीच्या मते देशात नसलेली नळी कुणी ठेवली, तर तिने ती कुठल्या कप्प्यात टाकायची? घातक म्हणावं तर ती आहे असं कबूल करावं लागतं. सुका म्हणावा तर गाडी पेटते. 'नाहीच' असा पाचवा कप्पा महापालिकेने अजून काढलेला नाही. काढलाच तर त्याची निविदा मार्चमध्ये निघेल आणि तो १ एप्रिलपासून लागू होईल.